शांता आपटे: गळ्याच्या जोरावर चार भाषांत

1939 साली पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकाशी एक नटी उपोषणाला बसली. वय तेविशीच्या आतबाहेर. वाद होता करार आणि पगार यांचा. उपोषण म्हटले की गांधीजी आठवावेत असे ते दिवस. सिनेमातल्या बाईने तेच हत्यार आपल्या मालकांवर उगारावे, हे वर्तमानपत्रांनाही नवे होते. शांता आपटे यांचे नाव निघाले की ही गोष्ट हमखास सांगितली जाते आणि 'बाई मोठी फटकळ' असे म्हणून तिथेच सोडून दिली जाते. मला ते अर्धवट वाटते. दारात ठिय्या मारायची धमक स्वभावातून येत असेल, पण कंपनीला त्याची दखल घ्यावी लागते ती स्वभावाला भिऊन नव्हे. त्या काळी नटीचा चेहरा आणि नटीचा गळा एकाच बाईच्या हातात होता, आणि तो गळा एकाहून जास्त भाषांत चालत होता. तिला रुसू दिले तर चित्रपट अडत होता. हे बळ तिच्या हाती कसे आले, हे पाहायचे तर नाटकमंडळ्यांच्या काळात जावे लागते.

31 ऑक्टोबर 1880 रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले. अण्णासाहेब मूळचे गुर्लहोसूरचे, म्हणजे बेळगाव-धारवाडकडचे. घरात मराठी, दाराबाहेर कानडी. पारशी मंडळींचा संगीत खेळ पाहून आपल्याकडेही असे काही करावे असे त्यांच्या मनाने घेतले. मराठी संगीत नाटकाच्या उगमापाशीच अशी दोन-तीन भाषांची सरमिसळ आहे. पुढे गोविंदराव टेंब्यांनी 1911च्या 'मानापमान'ला चाली दिल्या, भास्करबुवा बखल्यांनी 1916च्या 'स्वयंवर'ला, आणि ख्याल-ठुमरीची गायकी थेट नाट्यपदांत उतरली. प्रेक्षक रात्रभर बसत ते कथानकासाठी थोडेच? रुक्मिणीचे लग्न कुणाशी लागणार हे सगळ्यांना पाठ होते. ती लग्नाआधी काय गाते आणि कशी गाते, यासाठी पैसे मोजले जात.

ती रुक्मिणी अर्थात पुरुष असे. बालगंधर्वांच्या शालूची आणि चालण्याची नक्कल घरंदाज बायका करत, पण त्याच बायकांना रंगमंचावर पाऊल ठेवायची सोय नव्हती. गाणाऱ्या स्त्रिया होत्या, उस्तादांपुढे बसून वर्षानुवर्षे तालीम घेतलेल्याही होत्या. गोव्यातून आणि कर्नाटकातून मुंबईला आलेल्या कलावंत घराण्यांतल्या कितीतरी. त्यांची जागा बैठकीत. स्त्रियांच्या स्वतंत्र नाटकमंडळ्याही निघाल्या होत्या. त्यांत पुरुषाची कामेदेखील बायकाच करत. पण त्यांच्याकडे प्रतिष्ठित समाज नवलाईने किंवा नाक मुरडूनच बघे. स्त्री-पुरुषांचा एकत्र संच म्हणजे कल्पनेपलीकडची गोष्ट.

सिनेमाने सुरुवातीला यात फारसा फरक पाडला नाही. दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या तरुणाला साडी नेसवावी लागली. त्याच वर्षी, 1913 मध्ये, 'मोहिनी भस्मासुर'साठी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. मायलेकी नाटकातूनच आलेल्या. कमलाबाई पुढे गोखले झाल्या आणि त्यांच्या घराण्याचे नाव पुढच्या पिढ्यांतही अभिनयात राहिले. मात्र मूकपटात गळ्याला किंमत नव्हती. दिसणे पुरे होते.

14 मार्च 1931 रोजी 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट बोलला आणि सगळा हिशेब बदलला. आता नटीला बोलता येणे भाग होते, गाता येणे त्याहून भाग. कारण नाटकाच्या सवयीचा प्रेक्षक तिकीट काढून गाणीच मागणार होता. गाणे छायाचित्रणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित व्हायचे. वादक चौकटीबाहेर, कधी झाडाआड, कधी पडद्यामागे दडलेले, मायक्रोफोन डोक्यावर टांगलेला, आणि नटीने त्याच्या टप्प्यात राहून चालायचे, वळायचे, डोळ्यांनी बोलायचे आणि सूर ढळू द्यायचा नाही. चूक झाली तर फिल्म वाया. ज्याच्या श्वासावर रियाजाचा ताबा आहे त्यालाच हे जमावे. सुंदर चेहऱ्याच्या पण बेसूर अशा मूकपटातल्या नट्या एका रात्रीत मागे पडल्या आणि तालीम घेतलेल्या मुलींची चौकशी सुरू झाली.

त्या चौकशीत हाती लागलेली एक मुलगी म्हणजे शांता आपटे. जन्म 1916 सालचा, सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीचा. सोलापूरहून कलबुर्गीकडे जाणाऱ्या रेल्वेवरचे हे गाव, मराठी मुलूख संपता संपता लागणारे. संगीताचे शिक्षण पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात. थोरले बंधू बाबुराव आपटे यांनी तिच्या गाण्याची आणि पुढे कारकिर्दीचीही सूत्रे हाती ठेवली. पंढरपूरचे संगीत म्हटले की भजनाचा ठसा आलाच. शब्द स्वच्छ लावायचा, तान घेतली तरी अर्थ झाकायचा नाही, ही भजनी वळणाची शिस्त. मायक्रोफोनला नेमके हेच हवे होते. थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय असलेल्या नाटकी गळ्यांना बोलपटात आवाज आवरणे जड गेले. शांताबाईंना ती अडचण आली नाही.

1932 साली भालजी पेंढारकरांनी 'श्यामसुंदर' काढला. कृष्ण शाहू मोडक, राधा शांता आपटे. शाहू मोडक अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबातले आणि आयुष्यभर पडद्यावर कृष्ण म्हणून ओळखले गेले. आपल्याकडच्या श्रद्धेचे हे एक गोड कोडेच. दोघेही कोवळ्या वयाचे, दोघेही गाणारे. चित्रपट मुंबईत पंचवीस आठवडे चालला.

याच सुमारास रंगभूमीवरही बांध फुटत होता. हिराबाई बडोदेकरांनी 1929 साली भावंडांना बरोबर घेऊन स्वतःची नाटकमंडळी काढली. स्त्री-भूमिका स्त्रीने आणि पुरुष-भूमिका पुरुषाने करायची, असा सरळ हिशेब. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ त्यांचे वडील, म्हणजे तालमीत काही उणे असण्याचा प्रश्नच नव्हता. मंडळी कर्जात बुडाली आणि बंद झाली, पण गायिका रंगमंचावर उभी राहू शकते हे सिद्ध झाले. मग 1 जुलै 1933 रोजी 'आंधळ्यांची शाळा' आले. ब्यर्नसन या नॉर्वेच्या नाटककाराच्या नाटकावर बेतलेले, छोट्या आवाक्याचे, दिवाणखान्यात घडणारे. त्यात बिंबाच्या भूमिकेत ज्योत्स्ना भोळे गायल्या. माहेरच्या दुर्गा केळेकर, गोव्यातल्या बांदिवड्याच्या. आग्रा घराण्याची तालीम, वय एकोणीस. चाली त्यांचे पती केशवराव भोळे यांच्या. ऑर्गन-तबल्याच्या जोडीला पियानो, व्हायोलिन, हवाईयन गिटार. पद आवर्तनांवर आवर्तने न रेंगाळता तीन-चार मिनिटांत संपायचे. 'वन्समोअर'वर पोसलेल्या जुन्या रसिकांनी कपाळाला आठ्या घातल्या असणार. पण ही मिनिटे कुठून आली ते उघड आहे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर मावते तेवढेच गाणे घराघरांत पोचत होते.

केशवराव भोळे हा या गोष्टीतला फार महत्त्वाचा आणि थोडा दुर्लक्षित दुवा. त्याच वर्षी कोल्हापूरहून पुण्याला हललेल्या प्रभातमध्ये ते संगीतकार म्हणून गेले. म्हणजे रंगभूमीवर ज्योत्स्नाबाईंसाठी त्यांनी भावनेला धरून गाण्याचा जो प्रयोग केला, तोच त्यांनी पडद्यावर शांताबाईंच्या गळ्यातून पुढे नेला. खरे तर प्रभातचे संगीत सांभाळणारे तिघेही, गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे आणि मास्टर कृष्णराव, नाटकाच्याच मांडवाखालून गेलेले. कृष्णराव तर भास्करबुवांचे शिष्य. सिनेमाने नाटक मारले अशी रड आपण ऐकतो. निदान पुण्यात तरी नाटकाचे कान सिनेमात जाऊन बसले होते.

1934 साली व्ही. शांताराम यांचा 'अमृतमंथन' आला, मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत. प्रभातची पद्धत अशी, की सेट एक, कॅमेरा एक, दिवे एकदाच लावायचे आणि तोच प्रसंग आधी एका भाषेत मग दुसऱ्या भाषेत घ्यायचा. खर्च वाचे आणि पुण्यात तयार झालेले चित्र लाहोर-दिल्लीपर्यंत जाई. ज्यांना एकच भाषा येई त्यांच्या जागी दुसरा नट घ्यावा लागे. 'अमृतमंथन'मधल्या राजगुरूची भूमिका मराठीत केशवराव दात्यांनी केली, हिंदीत चंद्रमोहनने. नटी दोन्ही भाषांना पुरणारी असली तर कंपनीचा जीव भांड्यात पडे. शांताबाई पुरत. नायिका नलिनी तर्खड होत्या, शांताबाई नायकाची बहीण सुमित्रा, पण प्रेक्षकांच्या लक्षात राहिली ती गाणारी बहीण.

दोन भाषा बोलणे वेगळे आणि दोन भाषांत गाणे वेगळे. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाची, जोडाक्षरांची ठेवण एक. हिंदी-उर्दूत लयीचा श्वास दुसरा. चाल तीच ठेवून शब्द बदलले की सम कुठल्या अक्षरावर येते इथपासून सगळे हलते. आधी सरगम पक्की असेल तर शब्द हा नंतरचा पेहराव होतो. बोलण्यातले हेल कधीकधी गाण्यात पुसले जातात, हाही फायदा. माझ्या मते तालीम ही या नट्यांची खरी मातृभाषा होती. बाकीच्या भाषा त्या तिच्यावरून उभ्या करत.

शांताबाईंची खासियत आणखी एक. तोपर्यंत पडद्यावरचे गाणे म्हणजे एका जागी उभे राहून समोर बघत गाणे. नाटकातही पद आले की अभिनय थांबे. शांताबाई गाताना हात, मान, डोळे मोकळे सोडत. संथ गाण्यातही भुवई काहीतरी सांगत असे. आज हे सांगण्यासारखे वाटत नाही, कारण पुढे सगळ्यांनी तेच केले.

1937चा 'कुंकू' हा मात्र थांबून बघण्यासारखा. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून शांताराम यांनी तो केला, हिंदीत 'दुनिया न माने'. नीरा या मुलीचे लग्न फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लावले जाते आणि ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. रडत नाही, विहीर जवळ करत नाही. त्याच घरात राहून नकार देते. अंगचटीला येऊ पाहणाऱ्या, वयाने मोठ्या सावत्र मुलाला छडीने बडवते. त्या वकिलाच्या, काकासाहेबांच्या, भूमिकेत केशवराव दाते होते आणि त्यांनी त्या थेरड्याला इतके माणूसपण दिले, की त्याचा रागही धड येत नाही. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचे आवाज, रस्त्यावरची चाहूल, एवढेच. अशा कोरड्या आवाजांच्या घरात नीरा गाते तेव्हा गाणे 'आले' असे वाटत नाही. त्या घरात तिच्याकडे उरलेली ती एकच स्वतःची वस्तू आहे असे वाटते. संगीतकार अर्थात केशवराव भोळे.

त्याच चित्रपटात नीरा इंग्रजीतही गाते, लाँगफेलोची जगण्याच्या लढाईत वीर व्हा असे सांगणारी कविता. पंढरपुरात शिकलेला गळा, पुण्याचा सेट, अमेरिकन कवी. ऐकताना उच्चार किंचित मराठी लागतात आणि तेच बरे वाटते. शाळेत इंग्रजी चौथी-पाचवी शिकलेली मुलगी ती कविता जशी म्हणेल तशीच ती म्हणते.

1938च्या 'गोपालकृष्ण'मध्ये त्या पुन्हा राधा झाल्या. कृष्ण होता छोटा राम मराठे, पुढे नावारूपाला आलेला गवई. मग 1939चे ते उपोषण, आणि 1940 साली 'जाऊ मी सिनेमात?' हे मराठी पुस्तक. सिनेमात यायला निघालेल्या मुली विचारत तोच प्रश्न शीर्षकात, आणि आत चित्रपटधंद्याची उलटतपासणी. नटी म्हणजे देवी किंवा बदफैली बाई एवढ्या दोनच कल्पना लोकांच्या डोक्यात असताना, नटी ही मेहनत विकणारी कामकरी आहे असे तिने स्वतः लिहावे, ही उपोषणापेक्षाही मोठी गोष्ट वाटते मला. आत्मचरित्रे नंतर पुष्कळ नट्यांनी लिहिली. धंद्यावर लिहिणारी विरळा.

प्रभात सुटल्यावर त्या कुठे गेल्या हे बघितले की गळ्याची किंमत कळते. पहिली उडी थेट मद्रासेकडे. 1941 साली वाय. व्ही. राव यांचा तमिळ 'सावित्री' आला. सावित्री शांता आपटे, सत्यवान स्वतः राव, आणि नारद एम. एस. सुब्बुलक्ष्मी! आपल्याकडे पुरुष रुक्मिणी करत, तिकडे बाई नारद करत होती. सुब्बुलक्ष्मींनी ती भूमिका घेतली ती पती सदाशिवम आणि लेखक कल्की कृष्णमूर्ती यांच्या नव्या 'कल्की' साप्ताहिकाला भांडवल हवे होते म्हणून. शांताबाई तमिळ शिकल्या आणि गाणीही स्वतःच गायल्या. हिंदुस्थानी पठडीतला गळा कर्नाटक संगीतातल्या सर्वश्रेष्ठ आवाजांपैकी एकाशेजारी उभा करायचा आणि तोही परक्या भाषेत, हे धाडस म्हणायचे की खुळेपणा? पण ते अगदीच आभाळातून पडलेले नव्हते. एकोणिसाव्या शतकातच मराठी नाटकमंडळ्या दक्षिणेत फिरून आल्या होत्या. शिवाय प्रभातनेच कोल्हापुरात असताना 'सीताकल्याणम' हा तमिळ बोलपट काढला होता. तमिळ निर्मात्यांना मराठी स्टुडिओ ठाऊक होते आणि प्रभातची नटी म्हणजे शिक्का मारलेले नाणे होते.

पुढच्याच वर्षी उलट टोक. लाहोरच्या पंचोली स्टुडिओचा 'जमीनदार', संगीत गुलाम हैदर यांचे. मद्रासहून लाहोर. पंजाबी ठेक्यावरची ती गाणी वेगळ्याच दुनियेची होती, आणि त्या चित्रपटातली गाजलेली गाणी शमशाद बेगम यांच्या आवाजात होती.

इथेच काटा फिरताना दिसतो. 1935 साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'भाग्यचक्र' आणि त्याच्या हिंदी अवतारात, 'धूपछाँव'मध्ये, एकाने गायचे आणि दुसऱ्याने ओठ हलवायचे अशी युक्ती काढली. आर. सी. बोराल यांचे संगीत होते. सुरुवातीला ही सोय, नंतर रीत झाली. दिसणारीला गाता यायलाच हवे हा नियम गेला, आणि गाणारीने दिसायलाच हवे हाही गेला.

त्या दुसऱ्या नियमाचे उदाहरण अमीरबाई कर्नाटकी. विजापूरकडच्या बिळगीच्या, घरची भाषा कानडी, घराणे गाण्या-नाटकाचे. बहीण गोहरबाई मराठी रंगभूमीवर आली, बालगंधर्वांच्या नाटकांत नायिकेच्या भूमिका करू लागली आणि त्यावरून रसिकांत उभी फूट पडली. अमीरबाईही अभिनय करायलाच मुंबईला आल्या होत्या. पण 1943च्या 'किस्मत'मध्ये पडद्यावर मुमताज शांती आणि आवाज अमीरबाईंचा, अशी वाटणी झाली. 1946 साली 'राणकदेवी' या गुजराती चित्रपटातली त्यांची गाणी गुजरातने डोक्यावर घेतली. कानडी बाई, मराठीच्या शेजारात वाढलेली, हिंदीत नाव कमावलेली, गुजरातीत लोकगीतासारखी रुजलेली. भाषा त्यांनाही अडल्या नाहीत. फक्त चेहरा हळूहळू कुणाला नकोसा झाला.

रंगभूमीने मात्र गाणारी नटी अजून सोडली नव्हती. 1942 साली मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनने 'कुलवधू' आणले. ज्योत्स्ना भोळे त्यात भानुमती झाल्या आणि 'बोला अमृत बोला' हे मास्टर कृष्णरावांच्या चालीतले पद अजून गायले जाते. यातली भानुमती कोण? सिनेमात काम करणारी विवाहिता. घर आणि स्टुडिओ यांच्या ओढाताणीत शेवटी उंबरठा ओलांडणारी. 'जाऊ मी सिनेमात?' येऊन दोनच वर्षे झाली होती. एकीकडे पडद्यावरची नटी पुस्तकातून प्रश्न विचारते, दुसरीकडे रंगमंचावरची नटी तिचीच भूमिका करते.

1940च्या दशकाअखेरीस आणि पुढेही शांताबाईंची चित्रे येत राहिली, मराठीत आणि हिंदीत. 1955 साली 'मुळू माणेक' हा गुजरातीही. भाषांच्या यादीत भर पडली, पण ओढ नव्हती. 24 फेब्रुवारी 1964 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय पन्नाशीच्याही आत.

मला त्यांचे एक गाणे पुन्हा पुन्हा ऐकावेसे वाटते ते त्यांच्या उताराच्या काळातले. 1946 साली मास्टर विनायक यांनी 'सुभद्रा' काढला, संगीत वसंत देसाईंचे. त्यात 'मैं खिली खिली फुलवारी' हे शांताबाईंनी एका मुलीबरोबर गायले. ती मुलगीही नाटकमंडळीच्याच घरातली. वडील मास्टर दीनानाथ, बळवंत संगीत मंडळीचे धनी. तीही पडद्यावर छोटी-मोठी कामे करून घर चालवत होती आणि तोंडाला रंग फासायचा तिला मनस्वी कंटाळा होता. शांताबाई तेव्हा तिशीला आलेल्या. लता मंगेशकर सतराच्या आसपास.